चुकीच्या पत्त्यावर गेलेला वाद

२१ मे २०२५ रोजी स्पेनमधल्या बिल्बावमध्ये युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा बेळगावात रात्रीचे साडेबारा वाजले होते. टिळकवाडीतल्या एका मित्राच्या माडीवर आम्ही नऊ जण आवाज कमी ठेवून टीव्हीसमोर बसलो होतो, कारण खाली त्याचे आईवडील झोपले होते. नऊपैकी सात जण मँचेस्टर युनायटेडचे. समोर टॉटनहॅम. त्या हंगामात हे दोन्ही संघ इंग्लंडच्या लीगमध्ये इतके घसरले होते की अखेरीस युनायटेड १५व्या आणि टॉटनहॅम १७व्या स्थानावर राहिले. बेचाळिसाव्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनच्या गोलने टॉटनहॅम पुढे गेले आणि उरलेला वेळ त्यांनी आपल्या गोलपुढे भिंत बांधण्यात घालवला. चेंडू बहुतेक वेळ युनायटेडच्या पायात होता, पण गोल काही झाला नाही.

नंतर जो वाद पेटला तो पहाटे चारपर्यंत चालला. "मागनं खेळत बसायचं कशाला मर्दा, बॉल पुढं मार की," असे एकाचे म्हणणे. दुसऱ्याच्या मते तीन बचावपटूंची रचना या खेळाडूंना झेपणारीच नव्हती. तिसरा युनायटेडचे जुने, यशस्वी प्रशिक्षक फर्ग्युसन यांच्या आठवणी काढत बसला. आवाज चढत गेला तेव्हा काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या आणि "तुमचं ते मँचेस्टर उद्या सकाळी सुधारा की रे," एवढेच बोलून परत गेल्या. मतभेद कितीही असले तरी एका गोष्टीवर आमचे एकमत होते: दोष प्रशिक्षक रुबेन आमोरिम यांचा, आणि त्यांनी जावे. मीही तेच म्हणालो होतो. आज मला वाटते की, आम्ही नऊही जणांनी त्या रात्री बरोबर प्रश्न चुकीच्या पत्त्यावर पाठवला.

बिल्बावच्या त्या सामन्याला एक शेपूट आहे आणि ते फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. टॉटनहॅमचे प्रशिक्षक आंगे पोस्तेकोग्लू हे आक्रमक, उघड्यावर खेळणाऱ्या फुटबॉलचे कट्टर समर्थक म्हणून ओळखले जातात. अंतिम सामन्यात त्यांनी ती पद्धत बाजूला ठेवली, बचाव केला, सामना जिंकला आणि २००८ नंतरचा क्लबचा पहिला चषक आणला. सोळा दिवसांनी त्यांना काढून टाकण्यात आले. "कसेही खेळा, जिंका म्हणजे झाले" म्हणणाऱ्यांना हे उदाहरण अडचणीचे आहे, कारण ते जिंकले होते. "पद्धत सोडू नका, फळ येईल" म्हणणाऱ्यांनाही ते तितकेच अडचणीचे आहे, कारण पद्धत सोडली तेव्हाच फळ आले. क्लबने पाहिले ते लीगमधले बावीस पराभव. मग त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हाती नेमके काय होते, हा प्रश्न उरतोच.

चाहते खेळण्याच्या पद्धतीबद्दल बोलतात तेव्हा ती प्रशिक्षकाच्या वहीत लिहिलेली असते असे गृहीत धरतात. वहीत रचना असते, बाण असतात. पद्धत मात्र संघात कोणाला घेतले, केव्हा घेतले आणि कोणत्या खेळासाठी घेतले यात असते, आणि ते ठरवणारी माणसे पत्रकार परिषदेत समोर बसत नाहीत. युनायटेडच्या गोलरक्षकाचेच पाहा. दाविद दे हेआ हा चेंडू अडवण्यात जगातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक होता, पण पायाने खेळ सुरू करण्यात कच्चा. २०२३ मध्ये त्याला जाऊ दिले आणि इंटर मिलानकडून आंद्रे ओनाना याला आणले, कारण तो पायाने चांगला खेळतो, बचावफळीला जवळचा पास देऊन आक्रमणाची पहिली पायरी रचू शकतो. निर्णय म्हणून यात काही चुकीचे नव्हते. पण जवळचा पास देणाऱ्या गोलरक्षकासमोर तो पास घेणारे, दबावाखाली वळणारे, पुढचा पास आधीच पाहून ठेवलेले मधल्या फळीतले खेळाडू लागतात. ते त्या प्रमाणात आणलेच नाहीत. ओनानासमोर तोच जुना संघ होता, थोडी जागा मिळाली की पळत सुटणारा. परिणामी गोलरक्षक एका पद्धतीचा आणि उरलेले दहा जण दुसऱ्याच पद्धतीचे अशी स्थिती झाली. चुका झाल्या की कॅमेरा ओनानावर जायचा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याला उसनवारीवर तुर्कस्तानात पाठवले आणि गोलपुढे पुन्हा नवा माणूस आला.

हा एका जागेचा हिशेब झाला. अकराही जागांचा तो मांडला तर चित्र आणखी विस्कळीत दिसते. २०१३ मध्ये अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले. त्यानंतर आलेल्या डेव्हिड मोयेस यांना सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घरी पाठवले. लुई व्हॅन हाल यांनी चेंडू सावकाश फिरवत ठेवणारा खेळ आणला आणि २०१६ चा एफए कप जिंकल्यावर दोनच दिवसांनी त्यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी आलेले जोझे मोरिन्यो चेंडू समोरच्याला देऊन वाट पाहणाऱ्या पंथाचे. मग ओले गुन्नार सोल्शार यांचे वेगवान प्रतिआक्रमण, राल्फ रांगनिक यांचे काही महिन्यांचे प्रेसिंग, म्हणजे समोरच्यावर धावून जाऊन चेंडू हिसकावणे, एरिक टेन हाग यांचा आयाक्स या डच क्लबातून आणलेला विचार आणि त्यांच्यानंतर आमोरिम यांची तीन बचावपटूंची तीन-चार-तीन रचना. प्रत्येकाने आपल्या पद्धतीचे दोन-चार खेळाडू मागून घेतले आणि आधीच्याच्या मागणीचे दहा-बारा खेळाडू वारशात मिळवले. आमोरिम आले तेव्हा त्यांच्या रचनेचा कणा असलेल्या डाव्या विंगबॅकच्या, म्हणजे कडेने बचाव आणि आक्रमण दोन्ही करणाऱ्या खेळाडूच्या, जागेवर मुळातला त्या जागेचा असा खेळाडूच नव्हता. तो हंगामाच्या मध्यावर इटलीतून आणावा लागला.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ढाक मारणाऱ्या पैलवानाची कंबर आणि खांदे त्या डावासाठी वर्षानुवर्षे घडवलेले असतात. नवा वस्ताद आला आणि उद्यापासून एकेरी पट काढा म्हणाला, तर पैलवान पट काढायला वाकेलही; पण कुस्ती रंगात आली की त्याचा हात सवयीने पुन्हा समोरच्याच्या काखेतच जाणार. दर दीड वर्षाला वस्ताद बदलणाऱ्या तालमीत पैलवानाला सगळे डाव अर्धेअर्धे येतात. अशा पैलवानाला मैदानात उतरवून वर हरल्याबद्दल बोल लावण्यात काय हशील आहे?

इथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. मग प्रशिक्षकाचा दोष कधीच नसतो काय? असतो. आमोरिम यांचा होता. हाताशी असलेले खेळाडू पाहून रचना वाकवण्याची लवचीकता त्यांनी फार उशिरापर्यंत दाखवली नाही, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीच्या ग्रिम्सबी संघाने लीग कपमध्ये पेनल्टी शूटआउटवर १२-११ असे हरवले तेव्हा तर हट्टाला तत्त्वाचे नाव देण्यात काही अर्थ उरला नव्हता. २०२६ च्या जानेवारीत त्यांचीही गच्छंती झाली. पण जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी जी तक्रार जाहीरपणे केली, ती रचनेविषयी नव्हती; आपण व्यवस्थापक म्हणून आलो, नुसते प्रशिक्षक म्हणून नव्हे, अशा आशयाचे ते बोलले. म्हणजे भांडण अधिकाराचे होते. आम्ही माडीवर बसून तीन बचावपटू असावेत की चार यावर घसा कोरडा करत होतो, आणि खुद्द प्रशिक्षक सांगत होता की मूळ वाद दुसरीकडेच आहे.

काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि संयमाचे गोडवे गातात. त्यांचे आवडते उदाहरण आर्सेनल. मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये आले, पहिल्या दोन्ही हंगामांत संघ आठवा आला, तरी क्लबने त्यांना ठेवले आणि पुढे २०२२-२३ पासून सलग तीन हंगाम आर्सेनल दुसरे आले. खरे आहे. पण नुसता संयम म्हणजे वाट पाहणे, आणि वाट पाहून संघ सुधारत असता तर आजवर बरेच संघ सुधारले असते. आर्सेनलने वाट पाहता पाहता आर्तेता यांच्या खेळात न बसणारे मोठ्या नावाचे, मोठ्या पगाराचे खेळाडू एकेक करून सोडले आणि त्या खेळात बसणारे तरुण घेतले. संयम संघ घडवण्याच्या कामी लावला म्हणून तो उपयोगी पडला.

आता जरा घराजवळ येऊ. आमच्या सीमाभागातल्या मराठी चाहत्याची भारतीय फुटबॉलमधली निष्ठा ही एक गमतीची गोष्ट आहे. गोव्याचे फातोर्डा मैदान चोर्ला घाटाने सकाळी निघून गाठता येते. कोल्हापूरचे शाहू स्टेडियम तर आम्हाला परके वाटतच नाही. आणि राज्याचा म्हणून जो क्लब, तो पाचशे किलोमीटर दूर बेंगळुरूत. तरी माझ्या ओळखीतले बरेच जण बेंगळुरू एफसीचे आहेत आणि सुनील छेत्री हे त्याचे मुख्य कारण आहे. (दूर कुठेतरी निर्णय होणार आणि आपण इथे त्याची वाट पाहत बसणार, याची सवय आम्हा बेळगावकरांना १९५६ पासून आहे, तेव्हा त्या बाबतीत आम्ही आदर्श चाहते ठरावे.)

बेंगळुरू एफसीची गोष्ट युनायटेडहून लहान आहे, पण तिच्यात हाच मुद्दा अधिक स्वच्छ दिसतो. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने पहिल्याच हंगामात आय-लीग ही देशातली लीग जिंकली, २०१५-१६ मध्ये पुन्हा जिंकली. २०१६ मध्ये आल्बर्ट रोका आले. बार्सिलोनात सहाय्यक म्हणून काम केलेला माणूस, चेंडू जमिनीवर ठेवून खेळवणारा. त्याच वर्षी संघ एएफसी कप या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथवर जाणारा तो पहिला भारतीय क्लब. २०१८ मध्ये रोका गेले तेव्हा क्लबने बाहेरून नवा विचार आणला नाही; त्यांचेच सहाय्यक कार्लेस कुआद्रात यांच्याकडे संघ सोपवला. कुआद्रात यांचा खेळ अगदी रोका यांच्यासारखा नव्हता. बचावाची शिस्त आणि कॉर्नर, फ्री किक यांवर त्यांचा भर अधिक. पण खेळाडूंना तीच भाषा कळत होती. पहिल्याच हंगामात, २०१८-१९ मध्ये, अतिरिक्त वेळेत राहुल भेकेने कॉर्नरवर डोक्याने केलेल्या गोलने एफसी गोवाला हरवून त्यांनी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग जिंकली. त्या रात्री बेळगावात अर्धे लोक गोव्याचे आणि अर्धे बेंगळुरूचे होते आणि कॅम्पात झालेल्या वादात फुटबॉल कमी आणि घाटरस्ते जास्त होते, पण ते असो.

जानेवारी २०२१ मध्ये, काही पराभवांनंतर, कुआद्रात यांना निरोप दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. खेळ कंटाळवाणा झाला होता असे आमचे मत होते आणि ते सपशेल चुकीचे नव्हते. पण त्यानंतर काही महिने नौशाद मूसा, मग मार्को पेझाउली, मग सायमन ग्रेसन, मग २०२३ च्या डिसेंबरात जेरार्ड सारागोसा. जर्मन, इंग्रज, स्पॅनिश, प्रत्येकाची फुटबॉलची मातृभाषा निराळी. ग्रेसन यांच्या काळात २०२२ चा ड्युरँड कप आला, पुढच्या वर्षी आयएसएलची अंतिम फेरीही गाठली. त्यानंतरच्या हंगामात संघ बारा संघांत दहावा. नंतर २०२४-२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरी आणि मोहन बागानकडून अतिरिक्त वेळेत १-२ असा पराभव. हा आलेख पाहून "संघाची दिशा कोणती" असे विचारले तर प्रामाणिक उत्तर एवढेच देता येते की, त्या त्या वर्षीच्या वाऱ्याची.

त्या २०२४-२५ च्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा भारतीय खेळाडू चाळीस वर्षांचा सुनील छेत्री होता. चौदा गोल. आम्ही त्याचे कौतुक केले आणि करायलाच हवे. पण ज्या क्लबची बळ्ळारी जिल्ह्यात विजयनगरला निवासी अकादमी आहे, त्याच्या आघाडीवर चाळिशीतल्या माणसाला पर्याय दिसत नसेल, तर तो खरा प्रश्न आहे, आणि तो चार-तीन-तीन खेळा की तीन-पाच-दोन खेळा याने सुटणारा नाही. ती मुले किती वर्षे एकाच पद्धतीने शिकतात, वरच्या संघात त्यांना कोणत्या जागी आणि किती मिनिटे खेळवले जाते, त्यांच्या जागेवर परदेशी खेळाडू आणण्याचा निर्णय कोण घेतो, हे आम्ही कधी विचारले नाही. सामना संपल्यावर आम्ही पाहतो तो चेंडूवरचा ताबा किती टक्के होता याचा आकडा.

त्यातच भारतीय फुटबॉलच्या घराचे वासेच फिरले. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार २०२५ च्या डिसेंबरात संपणार होता, त्याच्या नूतनीकरणाचे काही ठरेना, म्हणून हंगामच अधांतरी राहिला आणि त्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. पगारच थांबलेल्या संघाने मागून खेळावे की लांब चेंडू मारावा, हा वाद त्या दिवसांतही आमच्यात चालूच होता, हे लिहिताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

चाहत्याचा आवाज वर पोहोचतच नाही, मग त्याने पत्ता कोणताही लिहिला तरी काय फरक पडतो, असे म्हणणारे भेटतात. पडतो. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी सुपर लीग या आपल्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा केली. यातल्या इंग्लंडच्या सहा क्लबांचे चाहते रस्त्यावर उतरले. त्यांनी प्रशिक्षकाला किंवा खेळाडूला बोल लावला नाही. ते थेट मालकांवर तुटून पडले. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले. पुढे २ मे रोजी युनायटेडच्या चाहत्यांनी मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामनाच त्या दिवशी होऊ दिला नाही. तो मार्ग मला मान्य नाही, पण राग कोणावर आहे याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. त्याच चाहत्यांचा राग एरवी दर शनिवारी एखाद्या बचावपटूवर निघतो आणि मालकांना तो कितीही परवडतो. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांकडे राहतील असा नियम आहे, त्यामुळे तिथल्या चाहत्याला पत्ता शोधावा लागत नाही.

खरे तर असा पत्ता आमच्या ओळखीचा आहे. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ हे संघ पेठांचे आणि तालमींचे. अलीकडे बाहेरचे खेळाडूही पैसे मोजून आणले जातात, तिथेही सगळे सोन्यासारखे चालले आहे असे नाही. पण हरल्यावर संध्याकाळी चहाच्या गाड्यावर पेठेतला माणूस संघ निवडणाऱ्याला समोरासमोर विचारू शकतो की, तो पोरगा का घेतला आणि हा का वगळला. त्याला उत्तर द्यावे लागते, कारण दोघांना उद्या त्याच गल्लीतून जायचे असते. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डचे मालक आमच्या गल्लीतून जात नाहीत. म्हणून तर आमचा राग जो दिसतो त्याच्यावर, म्हणजे टीव्हीवरच्या प्रशिक्षकावर निघतो.

पद्धत कशातून तयार होते हे मला पुस्तकांपेक्षा आमच्या भागातल्या मैदानाने आधी शिकवले. शाळेत मी लेफ्ट बॅक होतो. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस, त्यात तांबड्या मातीचा चिखल. दहा फुटांवरचा पास मध्येच थांबायचा, आणि त्याच्याकडे धावणारा समोरच्या संघाचा मुलगा आपल्याआधी पोहोचायचा. सर ओरडायचे, "आत देऊ नकोस, लाइनीवर मार." आम्ही लांब चेंडू मारणारा संघ होतो आणि ते आमचे तत्त्वज्ञान नव्हते, तो त्या चिखलाचा निर्णय होता.

आता तिथे खेळणारी मुले मोबाइलवर सगळ्या जगाचे फुटबॉल पाहतात आणि गोलरक्षकाने पायाने खेळ सुरू करावा असा त्यांचा आग्रह असतो. गेल्या वर्षी जुलैमध्ये सोळा वर्षांच्या आमच्या गोलरक्षकाने उजव्या बाजूच्या बचावपटूला जवळचा पास दिला, चेंडू गोलपुढच्या डबक्यात अडकला, समोरच्याने येऊन तो जाळ्यात ढकलला. कडेला उभे असलेले आम्ही मोठे लोक त्या पोरावर तुटून पडलो. लांब का मारला नाहीस, असे मीही ओरडलो. पंधरा दिवसांनी मंडळाच्या बैठकीत कोणीतरी मैदानाचा विषय काढला. वर्गणी काढून दोन ट्रॉली तांबडी माती आणि वाळू आणली आणि दोन्ही गोलपुढचे खड्डे भरून घेतले. माती थोडी कमी पडली. त्यामुळे आता पोरगा डावीकडे जवळचा पास देतो, उजवीकडे अजून लांबच मारतो.